आत्याने आतून मढवलेली गाडी

माझ्या आत्याच्या उजव्या अंगठ्याला ठसा नाही. तीस वर्षं दुकानांच्या पाट्यांवर विनाइलची, म्हणजे पातळ प्लास्टिकची, अक्षरं चिकटवताना तिने त्याच अंगठ्याने कडा दाबल्या आणि अंगठ्यावरच्या रेषा हळूहळू झिजून गेल्या. हे तिला स्वतःला कळलं ते त्रेपन्नाव्या वर्षी, वाहन परवान्याच्या कचेरीत.

यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा लागायचा. कारकून म्हणाला, "बाई, हात धुऊन या." ती धुऊन आली. पुन्हा लाल दिवा. "साबणाने धुवा." साबणाने धुतला. तिसऱ्या वेळी कारकुनाने तिचा अंगठा स्वतःच्या फडक्याने पुसला, खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाला, "यावर काहीच नाही हो."

"मग?"

"मग यंत्राच्या मते तुम्ही इथे नाही."

"मी इथे नाही, तर मघापासून तुमचं डोकं कोण खातंय?"

मागची रांग हसली. शेवटी डाव्या करंगळीवर काम भागलं. हा किस्सा आत्या अजून रंगवून सांगते. परवाना कोणत्या गाडीसाठी काढला होता, ते मात्र सांगत नाही. ते मी सांगते.

आत्या दोन खोल्यांत एकटी राहते. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत बाकी सगळं. पुढच्या खोलीत एक लांब टेबल, त्यावर काच, आणि भिंतीला टेकून उभे केलेले विनाइलचे रोल. बाजारात तिला सगळे स्टिकरबाई म्हणतात. अक्षरं कापायची यंत्रं येऊन जमाना झाला, तिच्याकडेही एक आहे, पण मोठी अक्षरं ती अजून हातानेच कापते. रस्त्याने तिच्याबरोबर चालणं अवघड असतं. दर दहा पावलांवर थांबते. "तो 'श' बघ. मीच केलाय. शेंडी जरा जास्त झाली, पण मालकाला आवडली." बोर्ड कोणाचा, दुकान चालतं की बुडालं, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. तिला फक्त अक्षराची कड उचकटलेली चालत नाही. कुठे कड सुटलेली दिसली की ती उभ्या उभ्या अंगठ्याने दाबून पुढे जाते, मग ती पाटी दुसऱ्या कोणी केलेली का असेना.

दोन वर्षांपूर्वी एका औषधांच्या दुकानाची पाटी लावताना ती शिडीवरून पडली. डावा घोटा जोडला गेला, पण पूर्वीसारखा वळत नाही. स्कूटर सुटली. रोल, शिडी, हत्यारांची पेटी घेऊन ती बसने जाऊ लागली. एक कंडक्टर तर रोज म्हणायचा, "शिडीचंही तिकीट काढा, ती तुमच्यापेक्षा जास्त जागा घेते." ती हसायची, पण लांबची कामं हातची जाऊ लागली होती. ज्या दुकानापर्यंत शिडी पोचत नाही, त्या दुकानाची पाटी दुसरा कोणीतरी करतो, एवढं सरळ होतं ते.

आणि आमच्या घराखाली एक गाडी नुसती उभी होती.

गाडी पंधरा वर्षांची. बाबांनी नवी घेतल्यापासून ही आठवड्यातून एकदा सुरू करून बंद करायची, एवढंच. इंजिन ठणठणीत. आतून मात्र तिची रया गेली होती. समोरचा डॅशबोर्ड उन्हाने पांढुरका पडलेला, दारांच्या आतल्या पट्ट्यांचे पोपडे निघालेले, गिअरभोवतीची चौकट तर कुणी कुरतडल्यासारखी. एका दुपारी आत्या आमच्याकडे आली होती. तिने बसचा, शिडीचा विषय काढला. काही मागायला आली नव्हती, ती मागणाऱ्यातली नाही. पण बाबा आपणहून म्हणाले, "अगं, मग खालची गाडी घेऊन जा ना. नुसती धूळ खातेय."

आत्याने हातातली कपबशी खाली ठेवली.

"खरंच सांगतोय. चालवायला शीक, परवाना काढ. आणि तुझ्या हातात कला आहे, तर आतून जरा माणसांत आण तिला. हात फिरव आणि घेऊन जा. तुझीच समज."

"दादा, नक्की?"

"आता काय लिहून देऊ?"

आई तिथेच होती. मीही होते. म्हणजे ऐकणाऱ्या तिघी होतो, आणि त्यातल्या एकीलाही लिहून घ्यावंसं वाटलं नाही. भावाकडून कोण लिहून घेतं?

मी यंत्रांच्या कारखान्यात काम करते, तपासणी विभागात. आत्या विनाइलची उस्ताद असली तरी तिचं सगळं आयुष्य सपाट पाट्यांवर गेलेलं. गाडीच्या आतले तुकडे वाकडेतिकडे, खळग्यांचे, गोल कोपऱ्यांचे. मी म्हटलं, मी येते मदतीला. ती म्हणाली, "ये. पण शिकवायला येऊ नकोस, कामाला ये." आणि दर शनिवारी-रविवारी आम्ही दोघी आमच्या इमारतीखाली कामाला लागलो. मधल्या दिवसांत ती सकाळी गाडी शिकायला जायची. शिकवणारा म्हातारा तिला म्हणायचा, "क्लचवरून पाय उचला ताई, तो काही पळून जात नाही."

आतून मढवायच्या विनाइलच्या रंगावरून सुरुवातीलाच गंमत झाली. आत्याला गडद लाकडाचा हवा होता. "बसलं की दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटलं पाहिजे." पण बाबांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. वर चष्म्याचं चित्र छापलेला छोटा कागद, त्यावर लिहिलेलं: राखाडी, मॅट, आणि रंगाचा नंबर. "हाच आण. मळत नाही, डोळ्याला शांत." अक्षर बाबांचं नव्हतं. बाबांनी नुकताच चष्मा बदलला होता, तेव्हा कागद तिथलाच असणार, लिहिला असेल कोणीतरी, असं मला वाटलं. किंवा तेवढंसुद्धा वाटलं नाही. मी रोल आणला.

आत्याने राखाडी रंग उलगडून बघितला. "शाळेच्या दप्तरासारखा आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "असू दे. दादाने एवढी गाडी दिली, त्याला एक रंग तरी निवडू दे."

पहिला तुकडा तिने बिघडवला, आणि तो तिच्या तीस वर्षांमुळेच बिघडला. पाटीवर मोठं विनाइल लावताना खाली साबणाचं पाणी फवारतात, म्हणजे ते सरकवून नीट बसवता येतं, मग पाणी पट्टीने बाहेर ओढतात. तिने दाराची पट्टी काढली, धुतली, सवयीने पाणी फवारलं आणि विनाइल असं काही बसवलं की मी बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी पट्टीभर बारीक फोड. त्या प्लास्टिकवर चामड्यासारखी खरबरीत नक्षी असते. तिच्या खळग्यांत पाणी अडकून बसलं होतं.

"याला गोवर आलाय," आत्या म्हणाली.

"हे कोरडं लावायचं असतं, आत्या. आणि गरम करून."

"मग काल का नाही बोललीस?"

"शिकवू नकोस म्हणालीस ना."

तिने पट्टी माझ्या डोक्यात घातल्यासारखं केलं. मग तिने शांतपणे सगळं विनाइल सोलून काढलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्यानंतर तिची एकही चूक मला सापडली नाही, आणि चुका शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. ती प्रत्येक तुकडा काढायची तो धातूच्या हत्याराने नाही, लाकडी मोजपट्टीच्या टोकाने, कारण धातूने ओरखडा जातो. क्लिपा सुटताना टक् आवाज झाला की म्हणायची, "दुखलं का गं?" तुकड्याच्या पाठीवर मेणाच्या पेन्सिलने नंबर. धुणं, स्पिरिटने पुसणं, दोन बोटं जास्तीचं विनाइल कापणं, केस वाळवायच्या यंत्राने ऊब देत देत मधून कडेकडे जाणं. खळग्यात विनाइल ओढून बसवायचं नाही, आधी सैल सोडायचं आणि बोटाने आत नेऊन ठेवायचं. "ओढलेलं माणूस आणि ओढलेलं विनाइल, दोन्ही परत आपल्या जागी जातात," असं ती म्हणाली होती. चार आठवड्यांत लहानमोठे सोळा तुकडे झाले.

बाबा रोज संध्याकाळी खाली यायचे. कमरेवर हात ठेवून बघायचे. "वा! कंपनीतून आल्यासारखं दिसतंय. कधी होईल पुरं?" दर वेळी तेच, कधी होईल? आत्या मला म्हणायची, "बघ, मला गाडी द्यायची किती घाई झालीय दादाला." तिचा चेहरा तेव्हा उजळलेला असायचा. ते आठवलं की मला अजून खाली बघावंसं वाटतं.

सीटवर बसून तिला बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं, म्हणून तिने जुन्या पडद्याची एक जाड उशी शिवून आणली. आणि शेवटच्या तुकड्याचं, सामानाच्या कप्प्याच्या झाकणाचं, काम झाल्यावर तिने पेटीतून पातं काढलं. काळ्या विनाइलच्या चिंधीतून तिने बोटाच्या पेराएवढी अक्षरं कापली. छापल्यासारखी. ती तिने झाकणाच्या आतल्या बाजूला, उघडल्याशिवाय दिसणार नाहीत अशी लावली. "चालक : स्वतः".

"हे कशाला?"

"वाहतूक पोलिसाने विचारलं तर? अंगठ्याचा ठसा तर नाही दाखवता येत."

मग फक्त कडा राहिल्या. विनाइल तापवून वाकवलं तरी त्याचा मूळ आकार त्याच्यात टिकून असतो. वाकवलेल्या कडांना शेवटी एकदा नव्वद अंशांच्या थोडी वर उष्णता दिली की ते तो आकार विसरतं आणि जागेवर राहतं. ते केलं नाही तर पंधरा दिवसांत कडा उचलायला लागतात. केस वाळवायचं यंत्र तेवढं तापत नाही. त्यासाठी हीट गन लागते, आणि उष्णता मोजायचं यंत्र. दोन्ही मला कारखान्यातून रविवारी मिळणार होती. शनिवारी आत्याने बाबांना सांगितलं, "उद्या कडा पक्क्या करते, आणि उद्याच घेऊन जाते. परवाना परवाच हातात आलाय."

"अजून काय राहिलंय? झालंय की सगळं."

"दिसतंय झाल्यासारखं. कडा नाही झाल्या."

"बरं, बरं," बाबा म्हणाले.

रविवारी सकाळी मी हीट गन घेऊन खाली उतरले तेव्हा आत्या आधीच आलेली होती. चांगले कपडे घालून, केस नीट विंचरून. कामाला येताना ती कधी असे कपडे घालत नाही. ती उभी होती आणि तिच्यासमोर गाडीएवढी मोकळी फरशी होती. मधोमध तेलाचे चार डाग. तिने शिवलेली उशी कोणीतरी व्यवस्थित कठड्यावर ठेवली होती.

"दादा एखादी फेरी मारायला गेला असेल," ती म्हणाली. "बॅटरी बघायला."

आम्ही थोडा वेळ थांबलो. मग मी वर पाहिलं. बाबा खिडकीत होते. मी बघतेय म्हटल्यावर ते मागे सरले.

वर आई कपड्यांच्या घड्या घालत होती. एकच घडी मोडून पुन्हा घालत होती. तेव्हाच मला कळलं की तिला माहीत आहे.

"विकली काल संध्याकाळी," बाबा म्हणाले. आत्या दारातच उभी होती. "चांगलं गिऱ्हाईक होतं. हातचं जाऊ द्यायचं का?"

"दादा, तू म्हणाला होतास—"

"म्हणालो होतो. मान्य. पण विचार कर, तुझा पाय असा. भर रस्त्यात क्लचवर अडकला तर? उद्या कोणाला ठोकलंस, काही झालं, तर गाडी माझ्या नावावर. मी तुझ्या भल्याचाच विचार केला. आणि तुझं बिघडलं काय? चार आठवडे हात रमले तुझे. तेवढाच विरंगुळा."

आत्याने बाबांकडे असं बघितलं, जसं ती एखादी पाटी लांबून, डोळे बारीक करून बघते, ओळ सरळ आहे का ते. मग तिने उशी काखेत धरली आणि जिना उतरून गेली. डावा पाय आधी, मग उजवा, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय.

मी बाबांना म्हटलं, "विरंगुळा?"

"तू मध्ये पडू नकोस. मोठ्यांचं आहे."

मी सव्वीस वर्षांची आहे.

चार दिवस आत्याने माझा फोन उचलला नाही. मग शुक्रवारी तिचाच आला. रडलेला आवाज नव्हता, चिडलेलाही नव्हता. कामाचा आवाज होता.

"ती हीट गन परत मिळेल का या रविवारी?"

"मिळेल. कशाला?"

"गाडी कोणी घेतली ते वहिनीला विचार. कडा सुटायला लागल्या असतील."

"आत्या, सुटू देत ना! तुला काय त्याचं?"

"त्याला काय माहीत कोणी फसवलं आणि कोणी नाही? कड सुटली की तो म्हणणार, करणाऱ्याने चोरटं काम केलं. करणारी मी आहे."

आईने फार आढेवेढे घेतले नाहीत. बाजारामागच्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान आहे, त्या चष्मेवाल्याने घेतलीय, असं तिने हळूच सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

चष्मेवाला दुकानाच्या वरच राहतो. चाळिशीचा, बोलघेवडा, साधा माणूस. गाडी दुकानापुढे धुऊन उभी केलेली. आत्याने स्वतःची ओळख सांगितली नाही. नुसतं म्हणाली, "आतलं काम आम्ही केलंय. एक शेवटचा हात राहिला होता." तो एकदम खूश झाला.

"अरे वा! म्हणजे तुमच्या दुकानाचं काम का हे? फार सुंदर केलंय. ते म्हणाले होते, ओळखीच्या कारागिराकडून करून देतो म्हणून."

कारागीर. मी आत्याकडे बघितलं. ती दार उघडून पहिल्या पट्टीवरून अंगठा फिरवत होती. खालच्या कोपऱ्यात विनाइल केसभर उचललेलं होतं.

"रंगही अगदी मला हवा तोच मिळाला," चष्मेवाला म्हणाला. "मी आधीच सांगितलं होतं त्यांना, गाडी घेतो, पण आतून ही अशी नाही घेणार. राखाडी करून द्या. नंबरसुद्धा लिहून दिला होता मी. दीडेक महिना झाला असेल."

"लिहून दिला होता?" मी विचारलं.

"हो, इथेच, दुकानात. चष्मा करायला आले होते तेव्हा."

गल्ल्याजवळ कागदांची गड्डी होती. प्रत्येक कागदावर वर चष्म्याचं चित्र.

दीड महिना. कामाचे चार आठवडे आणि हा एक आठवडा धरला तरी ते "तुझीच समज" म्हणायच्या आधी. म्हणजे त्या दुपारी, आई, मी, आत्या बसलेलो असताना, ती चिठ्ठी बाबांच्या खिशात होती. शेवटच्या क्षणी मोह झाला, चांगलं गिऱ्हाईक आलं, असं मी आठवडाभर मनाला समजावत होते. तसं नव्हतं. बाबांना गाडी द्यायची नव्हती, त्यांना कारागीर हवा होता, आणि बहिणीएवढा चांगला कारागीर गावात दुसरा नव्हता. आणि तो रोल माझ्याच हातांनी आणलेला.

आत्याचा अंगठा पट्टीवर थांबला होता. तो तिने उचलला. मग म्हणाली, "वायर टाक. सॉकेट कुठे आहे विचार."

आम्ही सोळाच्या सोळा तुकड्यांच्या कडा केल्या. ती हीट गन फिरवायची, मी मोजून आकडा सांगायची, "अठ्ठ्याऐंशी... एक्याण्णव, बस," आणि ती कड दाबायची. तापलेल्या विनाइलवर मला बोट ठेवता येत नव्हतं. ती अंगठा ठेवत होती. चष्मेवाल्याने चहा आणला, तो बॉनेटवर थंड झाला.

शेवटी सामानाचा कप्पा. झाकण उघडल्यावर चष्मेवाला वाकून म्हणाला, "हां, हे विचारायचंच होतं! 'चालक : स्वतः'. बायको मला यावरून चिडवते. छान आहे, राहू द्या."

"चुकून लागलंय," आत्या म्हणाली. "दुसऱ्या गाडीचं आहे."

तिने गन लांबून धरली, अक्षरं मऊ केली आणि नखाने एकेक सोलून काढलं. मागे डागसुद्धा राहिला नाही. कोणी पाहिलं तर सांगू शकणार नाही की तिथे काही होतं. चष्मेवाल्याने कामाबद्दल काही द्यायला हात खिशात घातला. ती म्हणाली, "आधीच्याच कामात धरलंय."

आम्ही बसच्या थांब्यावर आलो. आत्या ती सोललेली अक्षरं अंगठा आणि तर्जनीमध्ये मळत होती. विनाइल वाया गेलं की तिच्या हाताला ती सवयच आहे. वाटाण्याएवढी काळी गोळी झाली तेव्हा तिने ती माझ्या तळहातावर ठेवली.

"ही दादाला दे. म्हणावं, कडा पक्क्या केल्या."

"आणखी काही सांगू?"

"नको. त्याला जेवढं ऐकायचंय तेवढंच तो ऐकेल."

बस आली. तिने हत्यारांची पेटी आधी वर सरकवली, मग दांड्याला धरून चढली. उशी तिने आणली नव्हती.

घरी बाबा वर्तमानपत्र वाचत होते. मी गोळी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. त्यांनी नवा चष्मा नाकावर वर सरकवला, गोळी उचलून उलटसुलट बघितली.

"काय आहे हे?"

"आत्याने दिलीय. आणि निरोप आहे, कडा पक्क्या केल्या."

"म्हणजे गेली होती तिकडे?" त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण माझ्यादेखत उतरला. ते आईकडे वळले. "बघ. म्हटलं नव्हतं मी? मनात काही ठेवत नाही ती. चार दिवस जाऊ दे, येईल आपणहून."

आईने घड्या घातलेले कपडे उचलले आणि आत गेली. बाबांनी ती गोळी केराच्या डब्यात टाकली आणि पान उलटलं.

त्याला आता दीड वर्ष झालं. आत्या आपणहून आलेली नाही.